पुसलेलं गाणं

आमचं घर आणि 'केवडा रेकॉर्डिंग' यांच्यामध्ये एकच दार होतं आणि त्या दाराच्या वर एक लाल दिवा होता. दिवा लागला की पलीकडे गाणं सुरू झालं असं समजायचं आणि अलीकडे आम्ही गप्प व्हायचं. लालबागच्या त्या गल्लीत मसाल्याचे डंके होते. दिवसभर मिरच्या कुटल्या जायच्या, जमीन हादरायची आणि हवेत असा ठसका असायचा की गावाहून आलेला एखादा बुवा पहिली ओळ उचलायच्या आधी पाच-सहा वेळा शिंकायचा. डंके थांबले की वडील, म्हणजे भाऊ, घाईघाईने दिवा लावायचे. डंके कधी थांबतील याचा नेम नसे. त्यामुळे आमच्या घरात कशाचीच वेळ ठरलेली नव्हती. आई फोडणीसाठी तेल तापवायची, मोहरी हातात घ्यायची आणि तेवढ्यात दिवा लागायचा. मग ती तशीच उभी राहायची, मूठ मिटून, गॅस बारीक करून. पलीकडून 'टेक झाला' अशी हाक येईपर्यंत मोहरी तिच्या मुठीत ओली होऊन जायची.

आई पूर्णगडची. तिच्या माहेरी होडीवरच्या माणसाला किनाऱ्यावरून हाक मारायची सवय, त्यामुळे हळू बोलणं तिला जन्मात कधी शिकावं लागलं नव्हतं. मुंबईत ते शिकावं लागलं. भाकरी थापायची तर आवाज होतो म्हणून ती बोटांनी दाबून दाबून मोठी करायची. रेकॉर्डिंग मोठं असेल त्या दिवशी ठरलेला बेत म्हणजे कुळथाची पिठी आणि भात, कारण पिठी नुसती ढवळत राहिलं की होते. बांगडे तळायचे ते फक्त सोमवार सोडून कधीतरी, काम नसेल त्या दिवशी. आणि तसा दिवस आला की आई मुद्दाम भांडी आपटायची. खोलीच्या भिंतींवरच्या गोधड्या तिनेच शिवल्या होत्या, जुन्या लुगड्यांच्या आत गोणपाट घालून. छताला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले होते. भाऊंना त्या खोलीचा फार अभिमान होता. आईला त्या गोधड्यांचा नव्हता. 'पांघरायच्या त्या भिंतीला दिल्या,' असं ती म्हणायची.

आज माझी साठी उलटली. रत्नागिरीत माझं घर आहे आणि त्या घरात मी कितीही आवाज केला तरी कोणी मना करत नाही. तरी जिना उतरताना माझं पाऊल वाजत नाही. सून म्हणते, 'आई, तुम्ही मागे येऊन उभ्या राहता ते कळतसुद्धा नाही.' दिवा कधीच गेला. पावलांना ते कोणी सांगितलेलं नाही.

भाऊ पूर्वी गिरणीच्या नाक्यावर एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. आपली कोकणातली माणसं रविवारी तिथे यायची. गावी फोन नव्हता आणि लिहिण्याचा सगळ्यांनाच कंटाळा, तेव्हा भाऊ त्यांचे निरोप टेपवर घेऊन द्यायचे. 'आये, मी बरा हाय, भात लावून झाला काय, म्हशीला काय झालं ते कळव,' असं बोलून माणूस कॅसेट खिशात टाकायचा आणि गावाला निघालेल्या कुणाच्या तरी हाती द्यायचा. निरोप संपला की कॅसेट थोडी उरायची. मग कोणीतरी म्हणायचं, आता एक गाणं घ्या. असं गाणं गाणं करत पुढे मंडळाचं मंडळ येऊ लागलं आणि भाऊंनी नोकरी सोडून ही खोली घेतली. त्यांचे चुलतभाऊ दत्ताकाका भागीदारीत आले. भाऊ मशीन बघायचे आणि दत्ताकाका माणसं. पार्ट्या आणणं, कॅसेटचे खोके गावोगावच्या दुकानांत पोचवणं, सगळं काकांकडे. ते आले की घर हसायचं. माझ्यासाठी पेढे, आईसाठी सुकट, भाऊंसाठी कुठल्या तरी बुवाच्या भांडणाची ताजी हकिगत असं काहीतरी घेऊनच ते आत शिरत.

आमचा मुख्य व्यवसाय शक्ती-तुऱ्याचा. गणपतीत आपल्याकडे जाखडीचा नाच होतो, तेव्हा दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात, एक शक्तीवाला आणि एक तुरेवाला. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने जाब द्यायचा आणि मधूनमधून एकमेकांची उणीदुणी काढायची. लोकांना सवालजबाबापेक्षा उणीदुणी जास्त आवडतात. आमच्या भरभराटीच्या वर्षांत श्रावणाआधीच खोलीबाहेर बुवांची रांग लागायची. ढोलकीवाले, झांजवाले, कोरसातली पोरं जिन्यावर बसून भजी खात. गणपतीला गावी गेलो की पावसपासून राजापूरपर्यंत प्रत्येक मंडपात आमच्या खोलीतला आवाज ऐकू यायचा. भाऊ वाटेत थांबून कान देत आणि 'झांज जरा पुढे आली,' एवढंच म्हणत.

मग गिरण्या बंद पडल्या. जिन्यावर भजी खाणारी निम्मी माणसं गावी परतली आणि उरलेली कामाच्या शोधात दारोदार हिंडू लागली. मोठ्या कंपन्या बुवांना आमच्यापेक्षा जास्त देऊ लागल्या. आमची कॅसेट बाजारात गेली की आठवड्याभरात तिची नक्कल स्वस्तात मिळायची, बोटांना रंग लागणाऱ्या कव्हरात. भाऊंना एका जागी बसवेना. जेवतानाही ते ताट हातात घेऊन खोलीच्या दारापर्यंत जायचे, आत डोकावायचे, परत यायचे. मी तेव्हा कॉलेज अर्धवट सोडलेलं होतं. मशीनवर बसायला माणूस परवडत नव्हता म्हणून मीच बसत होते. मला ते काम आवडत होतं आणि त्या घरात जीवही घुसमटत होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. खिडकीशी उभं राहून मी तासन्‌तास समोरच्या मिरच्यांच्या ढिगाकडे बघत असे आणि आपण कुठे जायला हवं होतं ते मला आठवत नसे.

त्या वर्षी दत्ताकाका अनंत बुवाला घेऊन आले. हा माणूस जिभेचा तिखट म्हणून तीन तालुक्यांत प्रसिद्ध. त्याच्या कॅसेटमध्ये एक गाणं होतं. ते मी इथे उतरवणार नाही. आशय एवढाच की अमुक वाडीत फणसाखाली एक घर आहे, तिथल्या शालन वहिनीचा नवरा मुंबईला असतो आणि संध्याकाळी तिच्याकडे चहाला कोण कोण येतं. चाल अशी की एकदा कानात शिरली की निघत नाही. कोरसातली पोरं दुसऱ्या टेकपासून हसत होती. आम्हा सगळ्यांना ते नाव गाण्यापुरतं रचलेलं वाटलं. शालन हे त्या बाईचं खरं नाव नाही. खरं नाव मी लिहिलेलं नाही, ते का, ते पुढे कळेल.

कॅसेट निघाली आणि भराभर खपू लागली. काकांनी मुंबईत राहून नव्या प्रती काढायच्या आणि मी नि भाऊंनी रत्नागिरीकडची दुकानं करायची असं ठरलं. श्रावण होता. एसटीच्या टपावर ताडपत्रीखाली खोके बांधून आम्ही निघालो आणि पावसला माझ्या मावशीकडे उतरलो. तिचं घर नारळी-पोफळीत, पुढे पडवी, आणि त्या दिवसांत घराला हळदीच्या पानांचा वास, कारण मावशी पातोळे करण्यात गुंतलेली. मी दुसऱ्या दिवशी एकटीच रत्नागिरीला खोके घेऊन गेले. स्टँडसमोरच्या दुकानदाराने दोन कर्णे रस्त्याकडे तोंड करून लावले होते आणि त्यातून तेच गाणं चाललं होतं. कॉलेजची पोरं थांबून ऐकत होती. मी खोका सोडत होते आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. इतक्या दिवसांनी आमचं काहीतरी चाललं होतं.

एक बाई छत्री मिटून दुकानात आली. चाळिशीच्या आतली, सावळी, हातात भिजलेली पिशवी. ती गाणं संपेपर्यंत थांबली.

"ही कॅसेट तुमी आणलीत?"

"हो. आमच्याच स्टुडिओतली आहे." मला वाटलं तिला हवी असेल. मी एक काढून पुढे केली.

तिने ती घेतली नाही. "गाण्यातली शालन म्हणजे मी," ती म्हणाली.

मला आधी ती चेष्टा वाटली. मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. दुकानदार मध्येच म्हणाला, "आवो, शालन नावाच्या काय कमी बाया हायत?"

"वाडीचं नाव घेतलंय. फणसाखालचं घर म्हटलंय. आमच्या वाडीत फणसाखाली घर एकच हाय." ती हे अगदी साधेपणाने सांगत होती, पत्ता सांगावा तसं. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "मोठं कोण हाय तुमच्यात? कुठं भेटंल?"

मी पावसचा पत्ता सांगितला. "उद्या येते," ती म्हणाली आणि दुकानदाराला म्हणाली, "जरा बारीक करा." त्याने आवाज कमी केला, बंद नाही केला. ती रस्ता ओलांडून स्टँडच्या पत्र्याखाली जाऊन उभी राहिली. तिची गाडी येईपर्यंत ते गाणं आणखी एकदा वाजलं. मी खोका तसाच अर्धा सोडून उभी होते.

संध्याकाळी भाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "बघू." मग पडवीत फेऱ्या घालू लागले. मावशी दोनदा म्हणाली, "भावोजी, बसा हो जरा, पाय दुखतील." ते बसले आणि लगेच उठले.

दुसऱ्या दिवशी ती आली ती भावाला घेऊन. गोविंद त्याचं नाव. भाऊंनी त्याला लगेच ओळखलं, आणि मला सगळा उलगडा तिथेच झाला. गोविंद तुरेवाला बुवा होता, अनंताच्या विरुद्ध बाजूने उभा राहणारा. अनंताला वार करायचा होता गोविंदावर आणि त्यासाठी त्याने त्याची बहीण वापरली होती. मावशीने चहा आणि पातोळे पुढे ठेवले. शालनने पातोळ्याचं पान सोलून नीट खाल्लं. गोविंदाने ताटलीला हात लावला नाही.

"भाऊ, माझं ऐका," तो म्हणाला. "अनंतानं वार केलाय, तर जाब द्यायचा. रीतच हाय ती. आमची पार्टी तयार हाय. त्याच्या घरातलं मला सगळं म्हायती हाय, सोडणार नाय मी. तुमच्याच खोलीत घेऊ, गणपतीच्या आत बाजारात. लोक त्याची पण घेतील नि माझी पण घेतील."

भाऊ फेऱ्या घालायचे थांबले. त्यांचं ते थांबणं मला ठाऊक होतं. डोक्यात काहीतरी जुळलं की ते असे थांबत. आणि जुळण्यासारखंच होतं. एका कॅसेटच्या दोन झाल्या असत्या, दोन्ही खपल्या असत्या, गोविंदाचं समाधान झालं असतं, कुणाचं काही काढून घ्यावं लागलं नसतं. "होऊ शकतं," भाऊ सावकाश म्हणाले. "मशीन रिकामंच आहे. परवा निघालात तर—"

"त्यात कुणाचं नाव घेणार हायस?" शालनने भावाला विचारलं.

"कुणाचं म्हणजे? अनंताच्या बायकोचं."

"तिनं काय केलं?"

"तिनं नाय गो. तिच्या नवऱ्यानं केलं ना?"

"मंग तिचं नाव कशाला?" तिने ताटली खाली ठेवली. "ती पाण्याला निघाली की पोरं तिच्या मागनं गातील. माझ्या मागनं गातात तशी. माझ्यासाठी दुसऱ्या बाईचं नाव घ्यायचं नाय, गोविंदा."

"जाब दिला नाय तर लोक म्हणतील, खरंच असंल."

"म्हणू देत."

भाऊ तिची समजूत घालायला पुढे झाले. "हे बघा, वहिनी—" आणि तिथेच अडकले. तो शब्द गाण्यातला होता. त्यांनी तो गिळला आणि म्हणाले, "हे बघा, ताई. गाण्यात आहे ते खोटंच असणार, हे आम्हालाही कळतं."

"खरं का खोटं ते सांगायला मी नाय आले," ती म्हणाली. "माझ्या घरात कोण येतं ते मी तुमाला का सांगू? माझी पोर दहावीला हाय. गाडीत चढली की मागच्या बाकावरची पोरं सुरू करतात. गेल्या आठवड्यापासनं घरी बसलीय. तुमी माझं नाव विकलंत. ते परत मागायला आलेय."

"माल बाजारात गेलाय, ताई. आता तो परत आणायचा म्हणजे..."

"ते तुमचं तुमी बघा."

ती उठली, मावशीला 'येते' म्हणाली आणि पोफळींतून चालू लागली. गोविंद छत्री घेऊन तिच्या मागे गेला. मी पुढे बरीच माणसं पाहिली, वकील पाहिले, पुढारी पाहिले. पण इतकं थोडं बोलून निघून जाणारं माणूस मला पुन्हा भेटलेलं नाही.

दुपारभर भाऊ घरात नव्हते. मी शोधत समुद्राकडच्या वाटेला लागले तर ते एका दगडी गडग्याशी उभे होते, चपला चिखलाने भरलेल्या. मला बघून म्हणाले, "ही कॅसेट मागे घेतली तर केवडा उभा राहत नाही. हे कळतंय ना तुला?"

"हो."

"दत्ता ऐकायचा नाही."

"नाही ऐकणार."

"मग काय करू?"

भाऊंनी मला आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं. मशीनवरचं कुठलं बटण फिरवायचं हेसुद्धा ते सांगत, विचारत नसत. मी म्हणाले, "दुकानं मला माहीत आहेत. उद्या निघायचं असेल तर मी येते बरोबर." त्यांनी चपला काढून गडग्यावर आपटून चिखल पाडला आणि आम्ही परत आलो.

पुढचे काही दिवस आम्ही एसटीतून उतरायचो आणि चढायचो, एवढंच मला आठवतं. रत्नागिरी, पावस, लांजा, राजापूर. रिकामी पोटं, ओले कपडे, आणि प्रत्येक दुकानात तीच बोलणी. भाऊ कारण सांगत नसत. 'टेपमध्ये दोष आहे, बदलून देतो,' म्हणत आणि त्या जागी जुन्या भजनांच्या कॅसेट ठेवत. एक म्हातारा दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "चालतेय ती नेता आणि पडून राहील ती देता? तुमाला बरं नाय काय?" काहींनी मुकाट्याने दिल्या. काहींनी संपल्या म्हणून सांगितलं आणि आम्ही पायरी उतरतो न उतरतो तोच आतून ते गाणं सुरू झालं. स्टँडसमोरच्या दुकानदाराने मात्र न मागता सगळा गठ्ठा काढून ठेवला. "ती बाई परत आली होती काय?" मी विचारलं. "नाय," तो म्हणाला, "पण आमची बायको पण तिकडचीच हाय."

मुंबईला पोचलो तेव्हा दत्ताकाका खोलीतच होते. नव्या प्रतींचे खोके भिंतीला लावून ठेवलेले. भाऊंनी सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि तेच मला जास्त भीतिदायक वाटलं.

"भाऊ, एक नाव आहे," ते म्हणाले. "पुढच्या गणपतीला लोक विसरतील. ढोलकीवाला सुरेश गिरणी सुटल्यापासून बसलाय, त्याची चूल आपल्या रेकॉर्डिंगवर पेटते. झांजवाला तसाच. त्यांचा विचार करणार की नाही? की त्यांना नावं नाहीत?"

काका खोटं बोलत नव्हते. तेवढ्यात मधलं दार उघडून आई आली. हाताला पीठ होतं. ती पूर्णगडच्या आवाजात बोलली, किनाऱ्यावरून होडीला ऐकू जावं तशी. "इतकी वर्षं मी या घरात तोंड मिटून बसले. तुमची गाणी नीट व्हावीत म्हणून बसले. बाईला रस्त्यावर आणायला नाही बसले मी."

गल्लीतला एक डंकेवाला दाराशी येऊन काय झालं म्हणून डोकावून गेला. आई परत आत गेली. भाऊ मला म्हणाले, "मास्टर लाव."

मी मूळ टेपचं चाक मशीनवर चढवलं. टेप पुसायची म्हणजे काही फाडायचं, जाळायचं नसतं. ती नुसती नव्याने रेकॉर्ड करायची, पण माइक सगळे बंद ठेवून. पहिल्यापासून शेवटपर्यंत टेप फिरते आणि तिच्यावर काहीच उमटत नाही. मी बटण दाबलं. चाकं फिरू लागली, आवाज दाखवणारे काटे खाली पडून राहिले. ते गाणं जितकं लांब तितका वेळ आम्ही तिघं तिथे उभे होतो. संपल्यावर दत्ताकाकांनी खुंटीवरची छत्री घेतली. दाराशी वळून ते मला म्हणाले, "अभ्यास पुरा कर हो तू," आणि गेले. पुन्हा ते आमच्या घरी आले ते एकदम भाऊंच्या बाराव्याला.

याने सगळं मिटलं असं मी लिहू शकले असते तर मला आवडलं असतं. तसं झालं नाही. नक्कल करणाऱ्यांनी ते गाणं आम्ही मागे घ्यायच्या आधीच उचललं होतं आणि त्या गणपतीत ते आमच्याशिवायही गावोगाव वाजलं. रिक्षातून, सलूनमधून, कुणाच्या तरी खिडकीतून ते अचानक यायचं आणि मी झपाझप पुढे निघायचे. काकांच्या मागे बुवा गेले, बुवांमागे वादक. सुरेश ढोलकीवाला गावी परतला आणि पुढे त्याने चिऱ्याच्या खाणीवर काम केलं असं ऐकलं. तो विषय निघाला की भाऊ उठून बाहेर जात. खोली वर्ष-दोन वर्षं कशीबशी चालली. कधी पाळण्यातल्या पोराचं रडणं टेप करून नेणारं कुणी, कधी एखादं शाळेचं समूहगीत. शेवटी मशीन विकून आम्ही रत्नागिरीला आलो. भाऊंनी लग्नकार्यांना लाउडस्पीकर लावण्याचा धंदा सुरू केला. दोन कर्णे, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक टेप डेक आणि मी. आई दिवसभर मोठ्याने बोलायची. शेजारणीला अंगणातून, अंगणातल्या कोंबड्यांना खिडकीतून.

असंच एका उन्हाळ्यात आमच्या स्पीकरच्या दुकानात शालन आली. बरोबर नवरा होता. मुंबईचं काम सुटल्यावर तो गावीच येऊन राहिला होता. बारीक, अबोल माणूस, पिशवी दोन्ही हातांनी धरून उभा होता. "पोरीचं लगीन हाय," ती भाऊंना म्हणाली. "स्पीकर पाहिजे." जुन्या कशाबद्दलही ती बोलली नाही. भाऊंनी भाडं सांगितलं नाही आणि तिने ते सांगायला लावलं.

लग्न सकाळचं होतं. त्या वाडीत मी पहिल्यांदाच गेले, आणि मांडव त्याच फणसाखाली होता. सनईची कॅसेट लावून मी मांडवाच्या कडेला बसले होते. वऱ्हाड आलं, पोहे झाले. नवऱ्या मुलाकडचा एक तरुण माझ्याकडे आला आणि एक कॅसेट देऊन म्हणाला, "जरा नाचायची लावा की." तो दूरच्या गावचा होता, त्याला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. कॅसेटवर काही लिहिलेलं नव्हतं. एक गाणं झालं, दुसरं झालं, पोरं नाचू लागली. मग तिसरं सुरू झालं आणि ढोलकीच्या पहिल्या थापेलाच मी ओळखलं. ती आमच्या खोलीतली थाप होती. माझा हात बटणाकडे गेला, पण त्याआधीच भाऊंनी वायर खेचली होती.

एकदम सगळं शांत झालं. नाचणारी पोरं हात वर करून तशीच थांबली. "काय झालं, काय झालं," म्हणत माणसं आमच्याकडे आली. "मशीन जळलं," भाऊ म्हणाले. कुणी म्हणालं, दुसरं आणा, कुणी म्हणालं, हे असले लोक बोलावतात कशाला. भाऊ मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते. मी मांडवाकडे पाहिलं. पाटावरची नवरी आमच्याकडेच बघत होती. तिलाही पहिली थाप कळली होती. मुंडावळ्यांच्या आडून ती बघत राहिली, मग तिने मान खाली घातली आणि भटजींनी दिलेल्या अक्षता मुठीत घेतल्या. मंगलाष्टकं नुसत्या तोंडाने झाली. मागच्या बाजूला बसलेल्या बायांनी हळद कुटतानाची आपली गाणी धरली आणि ती जेवणं होईपर्यंत चालली.

पंगत उठल्यावर शालन स्वतः दोन पत्रावळी घेऊन आमच्याकडे आली.

"ताई, मशीन बरं आहे," भाऊ तिला म्हणाले. "पाहिजे तर सनई लावतो परत."

"म्हायती हाय मला," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. जेवा आता."

ती समोर उभी राहून वाढत होती. वरण-भात, फणसाची भाजी, वर तूप. आम्ही जेवलो. तिने भाड्याचं पाकीट भाऊंच्या हातात दिलं, आणि ते नको म्हणताहेत असं दिसल्यावर माझ्या हातात दिलं.

परतताना आम्ही टेम्पोत मागे बसलो होतो, कर्ण्यांना धरून, कारण रस्ता खराब होता. भाऊ म्हणाले, "सुरेशची ढोलकी काय उतरली होती गं त्यात. तशी पुन्हा कधी उतरली नाही आपल्याकडे."

"नाही उतरली," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आणि पुढच्या वळणावर घसरणारा कर्णा आम्ही दोघांनी मिळून घट्ट धरला.